हॉटेल मॅनेजमेंट झालंय आणि आता टुरिझम मार्केटिंग शिकवायचंय? मग हे वाचा

दरवर्षी दोन-तीन जुने विद्यार्थी फोन करतात, मॅम आता शिफ्ट नको वाटतात, शिकवायला यायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तेच सांगते म्हणून एकदा लिहूनच काढते.

पहिलं म्हणजे नोकरी लगेच सोडू नका. दोन-तीन वर्षं तरी फ्रंट ऑफिस, रिझर्व्हेशन नाहीतर सेल्सला काढा, कारण सर्व्हिस मार्केटिंगमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुस्तकातून नीट पोचत नाही. रात्र सरली आणि २०४ नंबर रिकामी राहिली की त्या रात्रीचे पैसे गेले ते गेले, उद्या तीच खोली दोनदा विकता येत नाही. हे ज्याने नाइट शिफ्टला रजिस्टरसमोर बसून बघितलंय तो वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

आता परीक्षा. मास्टर्सला ५५ टक्के हवेत, आरक्षित प्रवर्गाला ५० चालतात. यूजीसी नेट म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, तिच्यात टुरिझम ॲडमिनिस्ट्रेशन अँड मॅनेजमेंट हा स्वतंत्र विषय आहे, कोड ९३, दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडून यायचं नाही. एमबीए झालेल्यांना मॅनेजमेंट विषयातून नेट किंवा सेट देता येते, सेट म्हणजे तीच पात्रता राज्यपातळीवर, आपली सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीसाठी. दादर किंवा पर्वरीच्या आयएचएमसारख्या सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत शिकवायचं असेल तर हॉटेल मॅनेजमेंटच्या नॅशनल कौन्सिलची एनएचटीईटी ही वेगळी परीक्षा बघा. आणि एक खरं सांगते, परमनंट जागा कमी निघतात, सुरुवातीला सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर दिवस काढावे लागतात, पगार तुटपुंजा असतो, घरी आधीच बोलून ठेवा. नेटमधूनच जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर महिना ३७ हजार मिळतात, म्हणून वयाच्या तिशीच्या आत नेट जोर लावून द्या.

पीएचडीच्या विषयाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, जवळचा घ्या. 'भारतातील पर्यटन विपणनाचा अभ्यास' असलं काही घेऊ नका, त्यात पाच वर्षं जातात आणि हाती काही लागत नाही. कास पठार बघा ना, २०१२ मध्ये पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत आला, त्यात कास आहे, गर्दी इतकी वाढली की फुलांच्या सीझनला दिवसाला तीन हजार लोकांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आणावं लागलं. ग्राहक कमी करण्यासाठीही मार्केटिंग लागतं, कोटलर आणि लेव्ही या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी १९७१ मध्ये याला डीमार्केटिंग म्हटलं, आणि त्याचं जिवंत उदाहरण साताऱ्यापासून तासाभराच्या आत आहे! बुकिंग न मिळालेली माणसं त्या दिवशी कुठे जातात, एवढा एक प्रश्न घेतला तरी चांगलं काम होईल.

आता पीएचडीच्या सर्वेक्षणाची प्रश्नावली, इथे सगळे घाई करतात म्हणून जरा सविस्तर. सर्व्हक्वाल नावाची सेवेचा दर्जा मोजणारी २२ विधानांची मोजपट्टी आहे, १९८८ ची, अमेरिकेत बँका, क्रेडिट कार्ड, दुरुस्ती सेवा असल्या ठिकाणी तपासलेली, आणि आपली मुलं ती जशीच्या तशी मराठीत उतरवून होमस्टेला घेऊन जातात. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. तारकर्लीला एका घरी पाहुण्यांना फॉर्म दिला, त्यात 'कर्मचारी नीटनेटके दिसतात' असं वाक्य, ते काका म्हणाले अहो इथे कर्मचारी कुठे आहेत, या वहिनीच मासे तळतात आणि त्याच खोली झाडतात. पुढचं वाक्य 'जेवण आणि खोलीची स्वच्छता समाधानकारक होती', त्यावर त्यांच्या मिसेस म्हणाल्या जेवण एकदम झकास पण बाथरूम नाही बरोबर, मग मी टिक कुठे करू? एका वाक्यात दोन प्रश्न घालू नयेत हे मी स्वतः वर्गात शिकवत होते, पण कळलं त्या ओसरीवर. उत्तराच्या पर्यायांतला 'तटस्थ' हा शब्दही काढलाच, कोणाला कळत नव्हता, 'सांगता येत नाही' लिहिलं तर तीही वेगळीच गोष्ट होते, शेवटी 'ठीकठाक' ठेवलं. म्हणून आधी दहा-बारा पाहुण्यांशी आणि मालकांशी नुसतं बोला, त्यांच्या तोंडचे शब्द टिपून घ्या, त्यातून वाक्यं बनवा, मग ती वाक्यं मूळ इंग्रजी विधानं न बघितलेल्या दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ अर्थाशी ताडून बघा. त्यानंतर तीसेक जणांवर पायलट म्हणजे छोटी चाचणी घ्या आणि मगच खरं सर्वेक्षण.

पेपर छापताना पैसे मागून आठ दिवसांत छापून देणाऱ्यांपासून लांब राहा. माझ्या ओळखीच्या एकीचे दोन पेपर अशाच ठिकाणी गेले आणि मुलाखतीत धरलेच नाहीत, खूप वाईट वाटलं. यूजीसी-केअरची मान्य जर्नल्सची यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल पारखायची जबाबदारी आता आपलीच. संपादक मंडळ बघा, मागचे चार अंक खरंच वाचा. ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च, टुरिझम मॅनेजमेंट ही मोठी नावं, तिथे पहिल्याच फटक्यात लागणं अवघड असतं पण त्यातले लेख महिन्याला दोन तरी वाचायची सवय लावा. आपल्याकडचे जुने प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर फुकट आहेत, विषय ठरवण्याआधी तिथे एक आठवडा बसा.

शिकवण्याचं म्हणाल तर नकाशा घेऊन वर्गात जा. बटलरचं १९८० चं मॉडेल आहे, पर्यटनस्थळ शोधलं जाण्यापासून ते साचण्यापर्यंतचे टप्पे, ते फळ्यावर काढा आणि मुलांना विचारा महाबळेश्वर कुठे, कळंगुट कुठे, तुमचं गाव कुठे. एकदा एका मुलीने देवगडचं स्वतःचं गाव पहिल्या टप्प्यावर ठेवलं आणि शेजारच्याने तिसऱ्यावर, अर्धा तास भांडण चाललं, आमच्याकडे बाहेरच्यांनी जागा घेतल्यात म्हणून तो तिसराच टप्पा असं तो म्हणत होता, आणि तास संपल्याची बेल कोणी ऐकलीच नाही. त्या मुलीने पुढे एमबीएचा प्रोजेक्ट त्याच गावावर केला, आणि आता पीएचडीच्या प्रवेशासाठी तीच फाईल घेऊन गाईड शोधतेय.