सी-आर्म चालू असताना ओटीत डोस कमी कसा ठेवावा

सी-आर्म हे ओटीतलं (ऑपरेशन थिएटरमधलं) एक्स-रे मशीन. ते चालू असताना तुमच्या अंगावर येणारे किरण बहुतांशी थेट ट्यूबमधले नसतात. रुग्णाच्या शरीरावर आदळून ते चहूकडे विखुरतात आणि मग तुमच्यापर्यंत पोचतात. म्हणून रुग्णाचा डोस (अंगात जाणाऱ्या किरणांचं प्रमाण) उतरला की तुमचाही उतरतो. मशीनची मांडणी याच हिशोबाने करायची.

किरण सोडणारी ट्यूब टेबलाखाली, चित्र टिपणारा डिटेक्टर वर. किरण ज्या बाजूने शरीरात शिरतात, तिकडेच सगळ्यात जास्त विखुरतात. ट्यूब खाली असली की हा मारा पायांकडे जातो, आणि तिथे टेबलाला शिशाचा पडदा लावता येतो. ट्यूब वर घेतली की तोच मारा डोळ्यांवर आणि गळ्यावर. खुब्याच्या किंवा मणक्याच्या केसमध्ये लॅटरल (बाजूने घेतलेलं चित्र) घेताना हमखास चूक होते: हात पोचायला सोपं म्हणून सर्जन ट्यूबच्या बाजूला उभे राहतात. उभं राहायचं ते डिटेक्टरच्या बाजूला.

डिटेक्टर रुग्णाच्या अंगाला जवळजवळ टेकवा, ट्यूब शक्य तितकी लांब ठेवा. ट्यूब त्वचेजवळ आली की त्या जागेचा डोस झपाट्याने वाढतो. मध्ये येतो म्हणून स्पेसर (ट्यूब त्वचेपासून लांब ठेवणारा भाग) काढून ठेवण्याची सवय इथेच नडते.

पेडल फक्त चित्र बघणाऱ्याने दाबावं. मॉनिटरवरची नजर हटली की पायही उचला; शेवटचं चित्र स्क्रीनवर राहतंच. हाड जुळलंय का एवढंच पाहायचं असेल तर एक शॉट पुरतो. सलग पाहणं भागच असेल तर पल्स रेट (सेकंदाला किती वेळा किरण सोडायचे तो आकडा) उतरवा. सेकंदाला 30 ऐवजी 7.5 पल्सवर बरीचशी कामं होतात. कोलिमेटर (किरणांचं क्षेत्र लहान-मोठं करणारी झडप) आवळा: क्षेत्र लहान झालं की विखुरणं घटतं आणि चित्रही स्वच्छ येतं. मॅग्निफिकेशन गरजेपुरतंच, कारण त्यात त्वचेचा डोस वाढतो. दर 5 मिनिटांनी वाजणारा बझर धोक्याचा नसतो, एकूण वेळेची आठवण असते. तो नुसता बंद करण्यापेक्षा वेळ मोठ्याने सांगा.

शिशाचे हातमोजे घातले म्हणजे हात किरणात घालायला हरकत नाही, हा समज पक्का चुकीचा. शिसं किरणात आलं की मशीन चित्र काळं पडल्याचं समजून आपोआप आउटपुट वाढवतं. हाताचा फायदा जातो आणि रुग्णाचा डोस चढतो.

रुग्णापासून 1 मीटरवर विखुरलेला डोस त्याच्या त्वचेवरच्या डोसच्या साधारण हजारावा भाग असतो. अंतर दुप्पट केलं की तो चौथाई होतो. ज्यांचं टेबलाशी काम नाही त्यांनी शॉटच्या वेळी दोन पावलं मागे जावं. एप्रन फक्त पुढून असेल तर पाठ फिरवू नका; ट्रॉलीकडे वळणाऱ्या सिस्टर या बाबतीत उघड्या पडतात, त्यांना गुंडाळणारा एप्रन द्या. थायरॉइड कॉलर सैल नको. चष्म्याला बाजूची शिशाची पट्टी हवीच, कारण नजर मॉनिटरवर असताना किरण बाजूने शिरतात.

एप्रनची घडी घालू नका, रुंद हँगरवर टांगा. वर्षातून एकदा तो सी-आर्मखालीच तपासा: चिरा पांढऱ्या-काळ्या फरकाने लगेच दिसतात, त्या विशेषतः घडीच्या रेषेवर आणि खांद्याच्या शिवणीजवळ शोधा.

डोस मोजणारे दोन बॅज लावा: एक बॅज एप्रनच्या आत छातीवर, दुसरा बाहेर कॉलरवर. दोघांची अदलाबदल झाली की रीडिंग निरर्थक. एप्रनलाच अडकवून ओटीत राहिलेला बॅज माणसाचा नव्हे, खुंटीचा डोस मोजतो. आयसीआरपीच्या (किरणांपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय संस्था) शिफारशीनुसार कर्मचाऱ्याला 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक), कोणत्याही एका वर्षात 50 पेक्षा जास्त नाही. डोळ्याच्या भिंगाची मर्यादा 150 होती. 2011 मध्ये तीही याच आकड्यांवर आणली गेली. कर्मचारी स्त्रीने गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भासाठी 1 मिलिसिव्हर्ट, आणि एक बॅज एप्रनच्या आत पोटावर.

रुग्ण स्त्री असेल तर गरोदरपणाची विचारणा टेबलावर घेण्याआधी करा. लांबलेल्या अँजिओप्लास्टीसारख्या प्रक्रियेत मशीनवरचा एकूण एअर कर्मा (मशीन दाखवतं तो किरणांचा साठत जाणारा आकडा, ग्रे या एककात) 5 ग्रेच्या वर गेला तर आकडा आणि किरण शिरलेली जागा डिस्चार्ज कार्डावर लिहा. रुग्णाला सांगा की पुढचे काही आठवडे घरच्यांकडून पाठ बघून घ्या, लाल चट्टा दिसला तर इकडेच या. नोंद नसेल तर तो थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो आणि उपचार भलत्याच आजाराचे सुरू होतात.