बॉनेट लागतंय म्हणून इंजिन खाली उतरवताय? या चुका टाळा

फियाट असो, अॅम्बेसेडर असो, जुन्या गाडीत दुसरं इंजिन किंवा मोठा कार्बोरेटर बसवला की बॉनेट मिटेना होतं. मग फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते ब्रॅकेट आणि रबर) बदलून इंजिन थोडं खाली घ्यायचं ठरतं. कोल्हापुरात हे काम फारच सोपं वाटतं. उद्यमनगरात सकाळी माप दिलं की संध्याकाळी पट्टी कापून, भोकं पाडून, वेल्डिंग होऊन हातात येते. घोळ तिथंच होतो. वर मिळालेली जागा खालून गेलेली असते आणि खाली काय आहे हे पट्टी करणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आधी बॉनेटला नक्की काय लागतंय ते बघा. एअर क्लीनरवर कणकेचे गोळे ठेवा, वर प्लास्टिकचा कागद टाका, बॉनेट हळू मिटा आणि उघडून गोळ्यांची जाडी मोजा. रेस केल्यावर इंजिन रबरावर कलंडतं, म्हणून उभ्या गाडीत किमान 20 मिलिमीटर फट हवी. पुष्कळदा फक्त एअर क्लीनरचं झाकण आड येत असतं. बुटका एअर क्लीनर बसवला की फाउंडेशनला हात लावायची गरज उरत नाही. पण उंची कमी करायला कार्बोरेटरखालचं जाड पॅकिंग काढू नका. ते उष्णता अडवतं. काढलंत तर मे महिन्यात गगनबावड्याच्या वाटेवर कार्बोरेटरमध्येच पेट्रोल उकळून गाडी बंद पडेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त पुढची फाउंडेशन उतरवणं. पुढचं आणि गिअरबॉक्सखालचं फाउंडेशन यांत एक मीटर अंतर धरा. पुढून 20 मिलिमीटर खाली घेतलं की इंजिनाचा कल एक अंशाहून जास्त बदलतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन (मागच्या अॅक्सलमध्ये शिरणारा दांडा) एकमेकांना समांतर असावे लागतात, म्हणजे दोन्ही क्रॉसवरचे (मधल्या लांब शाफ्टच्या दोन टोकांच्या सांध्यांवरचे) कोन सारखे राहतात. ते बिघडले की शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त होतो आणि ठरावीक वेगाला गाडी घुमायला लागते. लोक शाफ्टचं बॅलन्सिंग करतात, क्रॉस बदलतात, घुमणं तसंच. उपाय एकच: गिअरबॉक्सही तेवढाच खाली घ्या, आणि बेत पक्का करण्याआधी कोनमापक लावून बघा.

खालून बघताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) आणि क्रॉस मेंबर (त्याखालची गाडीची आडवी पट्टी) यांत बोटभर तरी फट हवी. चेंबर क्रॉस मेंबरच्याही खाली लोंबत असेल तर आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता तो बेत सोडलेला बरा. फॅन हाताने फिरवून बघा. इंजिनाबरोबर तोही उतरलेला असतो, काउलला (फॅनभोवतीच्या कड्याला) खालून घासतो.

रबर कापून पातळ करणं हा आणखी एक आवडता उद्योग. पातळ रबर दाबाखाली कडक होतं आणि पत्र्यापासून सुटतं. पुढे रबर आणि मागे सरळ लोखंडी ठोकळे ठेवले, तर इंजिनाची सगळी ओढाताण गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियमच्या कानावर (फाउंडेशनचा बोल्ट बसतो त्या भागावर) येते आणि कान तुटतो. रबर मूळ जाडीचंच ठेवून ब्रॅकेट बुटकं करा. तेच खरं काम.

जॅक लावताना चेंबरखाली रुंद फळी घ्या. चेंबर आत दबला तर ऑइलची जाळी अडते आणि ऑइल प्रेशर पडतं.

काम झाल्यावर काय बिघडलं ते असं ओळखा. स्लोला स्टिअरिंग थरथरत असेल तर बोल्ट इंजिन बसायच्या आधीच आवळलेत किंवा सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकलाय. बोल्ट ढिले करा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवा, मग आवळा. ब्रेक मारल्यावर पुढून टकटक आली तर फॅन रेडिएटरला लागतोय. स्टार्टर मारताना अॅक्सिलरेटरची केबल तापत असेल, तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी जोडायची राहिलीय. रबरातून करंट जात नाही, म्हणून तो केबलमधून वाट काढतो. क्लच झटके देऊन सुटत असेल तर त्याचा दांडा नव्या उंचीला जुळवून घ्या.

पहिली चाचणी पन्हाळ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये घ्या. वर पोहोचलात की बॉनेटच्या आतल्या बाजूला घासल्याची खूण आहे का बघा, आणि इंजिन गार झाल्यावर फाउंडेशनचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा.