घाईगडबडीच्या घरात कृतज्ञता आणि कृपा : या चुका टाळा

कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घराचा दिवस कसा उजाडतो हे मंडळीतल्या कुणाला वेगळं सांगायला नको. नळाला पाणी येईल तेव्हा उठायचं, डबे भरायचे, एकाची गोकुळ शिरगावला पहिली पाळी, दुसरीची दवाखान्यातली रात्रपाळी आत्ता संपलेली, आणि मुलांची रिक्षा दारात हॉर्न वाजवतेय. आपल्याकडे परिचारिका आणि शिक्षक जास्त का, यालाही इतिहास आहे. 1852 साली मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. पुढे 1894 मध्ये मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना उभा केला. त्या शाळा-दवाखान्यांनी आपल्या कितीतरी घरांना पोटापाण्याला लावलं. पाळ्या आणि वह्या तपासणंही त्यातूनच आलं.

या धावपळीत देवाचे उपकार मानायचे राहून जातात, ही तक्रार महिला संघात नेहमी निघते. मला वाटतं, दुखणं थोडं अलीकडे आहे. आपण कृपेशी थांबतच नाही, थेट आभारांना हात घालतो. देवाने काय दिलं हे मनात मुरायच्या आधीच आपण किती आभार मानले याची मोजणी सुरू होते. मग आभारांचं ओझं होतं, आणि ते ओझं घरातल्या माणसांच्या डोक्यावर जातं. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

आभारांचं आणखी एक काम करून ठेवणं

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर वही आणली जाते. रोज रात्री पाच आशीर्वाद लिहायचे. संक्रांतीपर्यंत वही उशीखाली जाते आणि महिनाअखेरीस तिच्याकडे बघवत नाही. मग मनात येतं, आपण विश्वासात कच्चे आहोत. असं काही नसतं. ज्या घरात रात्री साडेदहाला भांडी घासली जातात तिथे वही चालवणं अवघडच.

बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएलांना दिलेलं अन्न, रोज गोळा करायचा होता, प्रत्येकी एक ओमर, म्हणजे एक माप. ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचा, कारण सातव्या दिवशी विसावा. देवाने दिवसापुरतं दिलं आणि विश्रांतीची सोयही स्वतःच करून ठेवली. आपणही दिवसापुरतंच मागावं आणि दिवसापुरतेच आभार मानावेत.

त्यासाठी वेगळी वेळ शोधू नका. जे काम रोज होतंच, त्याला आभार जोडा. पाण्याची बादली भरताना एक वाक्य. डब्याचं झाकण लावताना ज्याचा डबा त्याचं नाव. कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की आज टळलेली एखादी गोष्ट. जेवणाची प्रार्थना पाठ झालेली असते आणि मुलं ती एका दमात उरकतात. ती तशीच राहू द्या, फक्त शेवटी आजच्या दिवसाचं एक वाक्य घाला, आणि ते रोज वेगळ्या माणसाला घालू द्या. सात वर्षांचा मुलगा "गणिताचा तास झाला नाही म्हणून थँक्यू" म्हणाला तर त्याला दामटू नका. त्याने खरं तेच सांगितलं आहे.

उपकारस्तुतीची सभा घरात आणि घरची बाई स्वयंपाकघरात

या चुकीवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती फार जुनी आहे आणि तिला कुणी चूक म्हणत नाही.

नवं घर झालं, मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, आजारातून कुणी उठलं, की आपण घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतो. ही आपल्या मंडळ्यांची फार सुंदर रीत आहे. पण कोल्हापूर म्हटलं की पाहुणचार आला आणि पाहुणचार म्हटलं की तांबडा-पांढरा आला. पन्नास माणसांचं मटण, रस्से, भात, चपात्या. पाळक साहेब वचन उघडतात तेव्हा जिच्या आजारासाठी मंडळीने उपास केले तीच बाई आत खोबरं वाटत असते. गीत तिला भिंतीपलीकडून ऐकू येतं. साक्ष द्यायला हाक मारली की पदराला हात पुसत दारात येते, दोन वाक्यं बोलते आणि परत आत जाते, कारण गॅसवर रस्सा आहे.

लूकच्या दहाव्या अध्यायातली, येशू घरी आला असता पाहुणचाराच्या कामात गुंतलेली मार्था आपण मुलींना वर्षानुवर्षं शिकवतो, आणि सभेच्या दिवशी त्याच मुलींना चपात्या लाटायला बसवतो. मार्थेची सेवा प्रभूने हलकी लेखली नव्हती. ती पुष्कळ गोष्टींच्या काळजीत ओढली गेली आहे, एवढं त्याने मायेने दाखवलं. तीच माया आपल्या घरातल्या बायकांना मिळायला हवी.

इलाज हातातले आहेत. चहा, चिवडा आणि केळी एवढ्यावर सभा होते, कुणी उपाशी जात नाही. जेवण घालायचंच असेल तर ते सभेच्या आधी पूर्ण झालेलं असावं, आणि वाढायला पुरुष आणि तरुण संघातली मुलं उभी राहावीत. येणाऱ्यांनी एकेक पदार्थ आणला तर कुणाचा कमीपणा होत नाही. सभा सुरू होताना घरच्या बाईला पुढच्या सतरंजीवर बसवा, आणि ती उठली तर तिला पुन्हा बसवायला एका वडीलधाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला तिलाच अवघड वाटेल. वाटू द्या.

एक गोष्ट मात्र सोडू नका : लोकांना बोलवायचं. लेवीयच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही, असा नियम आहे. एवढं मांस एका घराला एका दिवसात संपणार नाही, म्हणजे शेजारपाजार बोलवावाच लागणार. आभार ताजे असतानाच वाटायचे, हे त्या नियमातून मला कळतं. म्हणून कापणीच्या सणाची किंवा पूर्ण उत्तर मिळण्याची वाट बघत बसू नका. ताप उतरला त्या संध्याकाळी समोरच्या घरात खिरीची वाटी गेली तरी पुरे.

रडणं दाबून स्तुती म्हणायला लावणं

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. शाहूपुरी, नागाळा पार्कच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरलं. फ्रीज, गाद्या, मुलांची दप्तरं, लग्नातले फोटो चिखलात गेले. अशा घरात जाऊन "जीव वाचला ना, मग देवाचे आभार माना" असं सांगणारी माणसं चांगल्या मनाचीच असतात. पण हे वाक्य ज्याने बोलायचं त्याने बोललं तर ती साक्ष होते. दुसऱ्याने त्याच्या तोंडात घातलं तर त्याचं तोंड बंद होतं.

तेरावं स्तोत्र देवाला पुन्हा पुन्हा विचारतं की हे कुठवर चालायचं, आणि शेवटाला गाण्यापर्यंत पोचतं. अठ्ठ्याऐंशीवं तर गाण्यापर्यंत पोचतच नाही, अंधारातच संपतं. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात राहिलं. म्हणून नोकरी गेलेल्या नवऱ्याला, नापास झालेल्या मुलाला, गर्भ गेलेल्या सुनेला आधी रडू द्या. शेजारी बसा. पाणी ओसरल्यावर घर धुवायला जा. खराटा हातात घेणाऱ्याला उपदेश करावा लागत नाही. त्यांच्या तोंडून आभार निघतील तेव्हा निघतील.

तुलनेचे आभार, आणि आभारांची छडी

"बघ, त्यांच्या मुलांना दूधसुद्धा मिळत नाही, आणि तू नाक मुरडतोस." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. लूकच्या अठराव्या अध्यायातला परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत होता : मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा तर नाहीच नाही. तो आभार मानत असूनही नीतिमान ठरून घरी गेला नाही, जकातदार गेला. दुसऱ्याच्या गरिबीवर उभे केलेले आभार मुलांना वरून खाली बघायला शिकवतात.

याचंच दुसरं टोक म्हणजे छडी. "तुला काय कमी केलंय आम्ही?" हे सुनेला, "एवढी फी भरतोय" हे मुलाला. कृतज्ञता अशी वसूल केली की पुढचा माणूस मान खाली घालतो आणि हिशोब मनात ठेवतो. येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूने विचारलं खरं, पण त्यांची शुद्धी काढून घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मुलाने आभार मानले नाहीत म्हणून त्याची सहल रद्द करण्याआधी हा उतारा एकदा वाचावा.

देवाकडून माफी आणि घरात काटा

घराघरांतला हिशोब साखर कारखान्याच्या वजनकाट्यासारखा चालतो. मी चार वाजता उठले, तू सहाला. तुझ्या आईच्या दवाखान्याला मी रजा काढली, माझ्या भावाच्या लग्नाला तू नाही. प्रत्येक गाडी तोलून घ्यायची. ज्या घरात दोघंही कमावतात आणि दोघंही दमतात तिथे हा काटा रात्रंदिवस चालू असतो.

मत्तयच्या अठराव्या अध्यायात एका दासाला दहा हजार तालांत माफ होतात. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशोब 6 कोटी दिवसांच्या मजुरीवर जातो. तोच दास बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबतीचा गळा धरतो. शंभर दिवसांची मजुरी ही काही लहान रक्कम नाही, हे इथे विसरू नये. घरातल्या माणसाने दिलेला त्रास खोटा नसतो. तो खराच शंभर दिवसांचा असतो. त्याच्या मागे माफ झालेले 6 कोटी दिवस दिसले, तरच हात सैल होतो.

घरात हे असं करता येतं : भांडण सुरू झाल्यावर जुनी प्रकरणं काढायची नाहीत, आजचंच बोलायचं. आईवडिलांनी मुलांसमोर चूक केली असेल तर माफी मुलांसमोरच मागायची. "चुकलं माझं" एवढंच, त्यापुढे "पण तूसुद्धा" नको.

एक गोष्ट इथे ठामपणे सांगायला हवी. मारहाण, दारूपायी होणारा छळ, हुंड्याचा तगादा सहन करत राहणं याला कृपा म्हणत नाहीत. "माफ कर आणि परत जा" असं सांगून कुठल्याही बाईला धोक्याच्या घरात पाठवू नये, मग सांगणारे मंडळीतले वडील असोत की माहेरचे. 112 आणि महिलांसाठी 181 हे मदतीचे क्रमांक घरातल्या प्रत्येक मुलीला पाठ असावेत. मनातून क्षमा करायला वेळ लागतो. सुरक्षित जागी जायला उशीर लावू नये.

देवाचे आभार, माणसांचे नाहीत

आपल्याकडे घरच्या माणसाला धन्यवाद म्हटलं की परकं वाटतं. नवरा बायकोला "आभारी आहे" म्हणाला तर ती विचारेल, बरं वाटत नाही का. तेव्हा शब्दांचा अट्टहास नको. केलेलं काम दिसलं, एवढं बोला. "आई, रस्सा लई भारी झालाय." "बाबा, गाडीत हवा भरली होती, कळलं मला." रोमकरांसच्या शेवटच्या अध्यायात पौल माणसांची नावं घेत जातो आणि एके ठिकाणी रूफसाच्या आईचा उल्लेख करतो, ती माझीही आई म्हणून. धुणंभांडी करणाऱ्या मावशी, पहाटे दूध टाकणारा पोरगा, रात्रपाळीत तुमच्या मुलांना जेवू घालणारी शेजारीण, ही नावं आपल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत येतात का बघा. आली की ती त्यांच्या तोंडावरही येऊ द्या. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वचन टाकणाऱ्यांनी आधी शेजारच्या खोलीत जावं.

दमणुकीला अविश्वास समजणं

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला फैलावर घेतलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं दिलं, तो जेवून पुन्हा झोपला, आणि देवदूताने पुन्हा खाऊ घातलं. देव त्याच्याशी बोलला तो त्यानंतर. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला कौटुंबिक उपासनेत डुलकी लागली तर पांघरूण घाला. झोप, भूक, उमेद आठवडेच्या आठवडे हरवली असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवेत. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

खंड पडल्यावर भरपाई करणं

खंड पडणारच. परीक्षा, बदली, आजारपण, लग्नसराई, काहीतरी येतं आणि महिनाभर जेवणाच्या प्रार्थनेपलीकडे घरात काही होत नाही. मग एखाद्या रविवारी वडील ठरवतात की आजपासून रोज अर्धा तास, आणि सगळ्यांना ओळीने बसवतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं बंद. मागची थकबाकी मनात धरू नका, मुलांना ऐकवूही नका. आज रात्री जेवायला जे कोण घरात असतील, दोघं असले तरी दोघं, त्यांनी ताटावर बसल्यावर एकेक वाक्य बोलावं. पाळीवर असलेल्याचं वाक्य फोनवर विचारून घ्यावं आणि मग जेवायला सुरुवात करावी, भाकरी गार व्हायच्या आत.