टर्मिनलमध्ये अडेल फाइल-नावे कशी हाताळावीत

कोपरखैरण्यातल्या एखाद्या सोसायटीचे दप्तर स्कॅन करून लिनक्सवर ठेवले, की 'बी विंग मेंटेनन्स (मार्च).पीडीएफ', '-वाशी एनओसी.पीडीएफ' अशी नावे साचतात. लिनक्सला ती चालतात. नावात फक्त तिरकी रेघ आणि शून्य बाइट चालत नाही. अडतो तो शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम. स्पेस दिसली की तो नाव तोडतो. कंस, स्टार, डॉलर यांना स्वतःचे अर्थ लावतो. (खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप इंग्रजी छोट्या अक्षरांत करा.)

आधी फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस -बी' चालवा. नावात लपलेली स्पेस किंवा नवी ओळ उघडी पडते. मग नाव एकेरी अवतरणात लिहा. दुहेरी अवतरणात डॉलरचा अर्थ कायम राहतो. सुरुवातीची अक्षरे टाइप करून टॅब दाबलात तर शेल उरलेले नाव स्वतःच नीट भरतो.

डॅशने सुरू होणाऱ्या नावाला मात्र अवतरण पुरत नाही, आणि बहुतेकजण इथेच अडकतात. अवतरण शेल काढून टाकतो, फाइल पुसणाऱ्या आरएमपर्यंत नाव '-वाशी' असेच पोहोचते आणि ते पर्याय (आज्ञेचे वागणे बदलणारी खूण) समजले जाते. म्हणून नावाआधी ./ लावा: आरएम './-वाशी एनओसी.पीडीएफ'. फोल्डरमध्ये '-आरएफ' नावाची फाइल असताना 'आरएम *' दिलेत, तर ते नाव पर्याय बनून उपफोल्डरही न विचारता पुसले जातील. 'आरएम ./*' लिहायची सवय लावाच.

नाव टाइपच होत नसेल तर 'एलएस -आय'ने आयनोड क्रमांक (लिनक्सने फाइलला दिलेला अंक) घ्या, फाइल शोधणाऱ्या 'फाइंड . -आयनम'ला तो द्या आणि त्यालाच पुढे '-एक्झेक' लावून, नाव बदलणाऱ्या 'एमव्ही -आय'ने नवे नाव ठेवा. अनेक फाइलींसाठी 'फाइंड'ला '-प्रिंट०' आणि सापडलेली नावे पुढच्या आज्ञेला देणाऱ्या 'एक्सआर्ग्ज'ला '-०' द्या; मग नावातली नवी ओळही घोळ घालत नाही.

मराठीत आणखी एक खोच आहे. 'दुसऱ्या हप्त्याची पावती' यातला ऱ कधी एकच चिन्ह (3 बाइट) असतो, कधी र अधिक नुक्ता (6 बाइट). डोळ्यांना सारखेच, पण लिनक्ससाठी दोन वेगळी नावे. त्यामुळे फाइल समोर दिसत असूनही 'सापडत नाही' असा संदेश येतो. 'एलएस'चे आउटपुट (मध्ये | लावून) बाइट दाखवणाऱ्या 'ओडी'कडे पाठवलेत की बाइटमधला फरक कळतो. मग फाइल-नावांचे एन्कोडिंग बदलणाऱ्या 'कन्व्हएमव्ही'ला '--एनएफसी' (अक्षराचे एकच चिन्ह करणारा पर्याय) आणि '-एफ' व '-टी' या दोन्ही बाजूंना यूटीएफ-8 द्या. ते आधी फक्त होणारा बदल दाखवते. यादी तपासून '--नोटेस्ट' जोडलेत तरच नावे बदलतात.