जपानी टीम सांभाळताना: बैठकीआधीचं आणि बैठकीनंतरचं काम

पुण्यातून तोक्योला किंवा नागोयाला मॅनेजर म्हणून जाणाऱ्याला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं, किती वाकायचं, हे भरपूर शिकवलं जातं. त्यात चूक झाली तर जपानी सहकारी सांभाळून घेतात. निर्णय कसा घेतलात, वाईट बातमी कधी कळवलीत आणि चारचौघांत एखाद्याला काय बोललात, या तीन बाबतींत मात्र सहसा सांभाळून घेतलं जात नाही. तक्रारही होत नाही. माणसं हळूहळू कमी बोलायला लागतात, आणि ते लक्षात येईपर्यंत सहा महिने गेलेले असतात. हाताखाली आठ-दहा जपानी माणसं आणि उरलेली टीम हिंजवडी-खराडीत, अशी रचना धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

निर्णय बैठकीच्या आधी होतो

जपानी कंपनीत बैठक बहुतेक वेळा आधीच झालेल्या सहमतीवर शिक्का मारण्यासाठी असते. ती सहमती एकेकाला भेटून आधी तयार करायची, याला नेमावाशी म्हणतात. भारतातून आलेला मॅनेजर उत्तम प्रेझेंटेशन घेऊन थेट बैठकीत जातो, जोरात मुद्दा मांडतो, कोणी विरोध करत नाही, आणि तो खुशीत बाहेर पडतो. पुढे काहीच हलत नाही. शांतता म्हणजे होकार नव्हे. बैठकीत प्रथमच ऐकलेल्या गोष्टीवर मत द्यायचं म्हणजे स्वतःच्या विभागाला न विचारता त्याला बांधून टाकायचं, म्हणून तिथे कोणी बोलत नाही.

समजा, टेस्टिंगचं काम तोक्योतून पुण्याला हलवायचं आहे. आधी एक ए-फोर पान तयार करा. त्यात सध्याची परिस्थिती, अडचण, प्रस्ताव, खर्च, वेळापत्रक, धोके, एवढंच. दुसरं पान लागलं तर विचार अजून पक्का झालेला नाही असं समजा. मग माणसांची यादी करा: मंजुरीच्या साखळीत ज्यांची सही लागते ते, ज्यांचं काम बदलणार ते, आणि हुद्दा नसला तरी ज्याचं मत सगळे विचारतात असा एखादा जुना माणूस. ही शेवटची व्यक्ती ऑर्ग चार्टवर दिसत नाही, म्हणून यादी टीममधल्या वरिष्ठ जपानी सहकाऱ्याकडून तपासून घ्या. क्रमही त्यालाच विचारा.

साधारण क्रम खालून वर जातो. प्रत्यक्ष टेस्टिंग करणारी व्यक्ती आधी, मग संबंधित विभागांचे काचो (विभागप्रमुख), शेवटी बुचो (त्यांच्या वरचे). थेट बुचोकडे गेलात तर त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘काचोंनी पाहिलंय का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर काचोंना डावलल्यासारखं होतं, आणि हे काचो बराच काळ विसरत नाहीत.

प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ‘तुम्हाला मान्य आहे का?’ हे विचारू नका, कारण तोंडावर नाही म्हणणं त्यांना अवघड जातं. ‘हे असं केलं तर तुमच्या विभागाला कुठे त्रास होईल?’ असं विचारा. मग माहिती येते: अमुक ग्राहकाशी झालेल्या करारात डेटा देशाबाहेर नेता येत नाही, मार्चमध्ये वर्षअखेरीमुळे कोणाला हात रिकामा नाही, वगैरे. त्याप्रमाणे पान बदला आणि त्याच माणसाकडे परत जा: ‘तुमच्या सूचनेवरून वेळापत्रक मेमध्ये ढकललं आहे.’ ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात. आमच्या मते सगळ्यात मोलाची तीच, कारण तिच्यामुळे तो प्रस्ताव त्या माणसाचाही होतो.

यानंतरच बैठक, तीसेक मिनिटांची. बैठकीत नवा आकडा आणू नका. एखादी रक्कम किंवा तारीख कोणी आधी पाहिलेली नसेल तर ‘परत नेऊन विचार करतो’ असं ऐकू येईल आणि सगळी फेरी पुन्हा सुरू होईल. त्यानंतर रिंगीशो, म्हणजे मंजुरीचा लेखी प्रस्ताव, साखळीत फिरतो. पूर्वी त्यावर एकेकाचा हान्को शिक्का पडायचा, आता बऱ्याच ठिकाणी ते सॉफ्टवेअरमध्ये होतं. तीन विभागांना स्पर्श करणाऱ्या बदलाला दोन-तीन आठवडे धरूनच चाला आणि भारतातल्या वरिष्ठांना ते आधी सांगून ठेवा. एकदा मंजुरी मिळाली की अंमलबजावणी झपाट्याने होते, कारण कोणाला नव्याने समजवावं लागत नाही. सुरुवातीचे आठवडे तिथे वसूल होतात.

‘केन्तो शिमासु’ (विचार करतो) किंवा ‘चोत्तो मुझुकाशी’ (जरा कठीण आहे) ऐकलं तर बहुतेक वेळा तो नकार आहे असं धरा. त्याच जागी रेटू नका. दोन दिवसांनी वेगळ्या जागी, एकट्याला, ‘कोणता भाग बदलला तर सोपं जाईल?’ असं विचारा.

वाईट बातमी: लवकर, लेखी, अर्धवट असली तरी

होकोकु, रेनराकु, सोदान, म्हणजे अहवाल देणं, कळवणं, सल्ला घेणं, यांची आद्याक्षरं जोडून होरेनसो झालं. जपानी क्लायंटबरोबर काम केलेल्या पुण्यातल्या बहुतेक इंजिनिअरना हे माहीत असतं, पण हाताखालच्याने वरच्याला द्यायचा हिशोब म्हणून. 1982 मध्ये यामाताने शोकेन या रोखे कंपनीचे अध्यक्ष यामाझाकी तोमिजी यांनी ही मोहीम सुरू केली तेव्हा रोख उलटा होता: खालच्या माणसाला नकोशी बातमीही वर सांगता यावी असं वातावरण कंपनीने तयार करायचं. मॅनेजर म्हणून तुम्हाला तोच अर्थ उपयोगाचा आहे. बातमी घेऊन आलेल्यावर एकदा चिडलात, की पुढची बातमी उशिरा येणार.

भारतीय आणि जपानी टीम इथे नेमक्या उलट्या वागतात. पुण्यातला इंजिनिअर आधी स्वतः दुरुस्त करून मग ‘झालं होतं, पण सुटलं’ असं सांगू पाहतो, आणि त्याला ते जबाबदारीचं वाटतं. जपानी सहकाऱ्याला ती लपवाछपवी वाटते. म्हणून दोघांना एकच नियम लेखी द्या: खात्री झाल्यावर नाही, शंका आल्यावर कळवायचं. मजकुराचा साचाही ठरवून द्या: काय घडलं (वेळेसह), कोणावर परिणाम, आत्ता काय तात्पुरतं केलं, कारण कळलं आहे की शोधणं चालू आहे, आणि पुढची माहिती किती वाजता. ‘कारण अजून माहीत नाही, चार वाजता पुन्हा लिहितो’ हा पूर्ण चांगला अहवाल आहे, फक्त चार वाजता खरोखर लिहायला हवं. सांगण्यासारखं काही नसलं तरी.

समस्या सुटली म्हणजे विषय संपला, असं जपानी ग्राहक मानत नाही. तो मूळ कारण, ते पुन्हा घडू नये म्हणून काय बदललं, आणि तीच चूक इतर मोड्यूलमध्ये आहे का हे तपासलं का, असं तीन पातळ्यांवर विचारतो. ‘डेव्हलपरचं लक्ष नव्हतं, त्याला समज दिली’ हे उत्तर परत येतं, आणि यायलाच हवं. लक्ष नसलं तरी चूक पुढे का गेली? रिव्ह्यूच्या यादीत तो मुद्दा नव्हता म्हणून. का नव्हता? यादी जुन्या आवृत्तीची होती म्हणून. इथपर्यंत पोचलात की दुरुस्ती कागदावर दिसते आणि कोणा एकाची मान खाली जात नाही.

घड्याळाचं गणित यात महत्त्वाचं आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथली नऊ ते सहाची वेळ म्हणजे आपली पहाटे साडेपाच ते दुपारी अडीच. तिथली जेवणाची सुट्टी आपल्या साडेनऊला संपते. म्हणजे पुण्याची माणसं दहाला येत असतील तर दोघांना मिळून जेमतेम साडेचार तास. रोजची छोटी बैठक भारतीय वेळेनुसार सव्वादहाला ठेवा आणि प्रश्न दुपारी दोनच्या आत पाठवायचे हा नियम करा. चार वाजता पाठवलेला ‘तातडीचा’ प्रश्न तोक्योत संध्याकाळी साडेसातला पोचतो, आणि तो ओव्हरटाइम कोणाच्या तरी खात्यावर पडतो.

बोलणं, विचारणं, रागावणं

सगळ्यांना आडनावानंतर ‘सान’ लावा, कालच रुजू झालेल्यालाही. इंग्रजीत बोलणाऱ्या टीममध्येही स्वतःहून पहिल्या नावावर येऊ नका.

बैठकीचा कागद आदल्या दिवशी पाठवा. इंग्रजी वाचायला येतं पण बोलताना अडखळतो, असे जपानी कर्मचारी खूप आहेत. आधी वाचायला मिळालं तर तेच लोक तयार उत्तर घेऊन येतात. प्रश्न विचारल्यावर थांबा. सात-आठ सेकंदांची शांतता आपल्याला असह्य होते आणि आपणच बोलायला लागतो, पण तेवढ्यात समोरचा वाक्य जुळवत असतो. ‘कळलं का?’ या प्रश्नाला ‘हाय’ (जपानीत ‘हो’) हेच उत्तर मिळणार, आणि त्यातून एवढंच समजतं की तो ऐकतो आहे. त्याऐवजी ‘सुरुवात कुठून कराल?’ असं विचारा. नकारार्थी प्रश्न टाळा. ‘तुम्ही येणार नाही का?’ याला जपानी माणूस आपल्यासारखंच ‘हो, नाही येणार’ असं उत्तर देतो. मराठीत गोंधळ होत नाही. इंग्रजीत मात्र त्याचा नुसता ‘येस’ ऐकून आपण त्याची खुर्ची राखून ठेवतो.

बैठक संपल्यावर त्याच दिवशी गिजिरोकु, म्हणजे इतिवृत्त, पाठवा: ठरलं काय, कोण करणार, कधीपर्यंत, आणि काय ठरायचं राहिलं. शेवटची ओळ गाळू नका. तोंडी होकार आणि लेखी नोंद यांत फरक असेल तर तो इथे, वेळेत उघडा पडतो.

चूक दाखवायची तर बंद खोलीत, एकट्याला, आणि कामाबद्दल. चारचौघांत आवाज चढवला तर ज्याला बोललात त्याच्यापेक्षा ऐकणारे नऊ जण जास्त दुरावतात. एकट्याचं जाहीर कौतुकही जपूनच करा, त्याने तो माणूस अवघडतो. कौतुक टीमचं करा आणि त्याला नंतर वेगळं सांगा, नेमकं काय आवडलं ते. महिन्यातून दोनदा अर्धा तास एकेकाशी बोला. ‘काही अडचण?’ असं विचारलंत तर ‘विशेष काही नाही’ असं उत्तर येईल. ‘गेल्या आठवड्यात कोणत्या कामाला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला?’ यावर माणूस बोलतो.

मूल्यमापन बऱ्याच कंपन्यांत सहामाही असतं: एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च. मिश्र टीममध्ये स्वतःला गुण द्यायला सांगितलं की जपानी सदस्य एक पायरी खाली येतो आणि भारतीय सदस्य एक पायरी वर जातो. ते आकडे जसेच्या तसे घेतले तर बोनसमध्ये अन्याय होतो. प्रत्येक गुणासमोर दोन ठोस कामं लिहून घ्या आणि कामांची तुलना करा.

कायदा, जो माहीत असायलाच हवा

दिवसाला 8 आणि आठवड्याला 40 तास ही मर्यादा. त्यापुढे काम करवायचं तर कर्मचारी प्रतिनिधीशी ‘साबुरोकु’, म्हणजे जादा कामाचा, करार हवा, आणि त्यातही जादा काम महिन्याला 45, वर्षाला 360 तास. विशेष तरतूद असली तरी वर्षात 720 तास, एका महिन्यात सुट्टीच्या दिवसाचं काम धरून 100 पेक्षा कमी, आणि 45 तासांच्या वर वर्षात सहाच महिने. दोन ते सहा महिन्यांची सरासरीही 80 च्या आत राहावी लागते. रात्री दहाला चॅटवर काम सांगितलंत आणि उत्तर मागितलंत तर तोही कामाचा वेळ. वर्षाला 10 किंवा जास्त दिवसांची पगारी रजा मिळणाऱ्याने त्यातले 5 दिवस घेतलेच पाहिजेत, ही एप्रिल 2019 पासून मालकाची जबाबदारी आहे. टीममधला कोणी मागत नसेल तर तारखा तुम्ही विचारा.

पदाच्या जोरावर होणाऱ्या छळाविरुद्धची तरतूद मोठ्या कंपन्यांना जून 2020 पासून आणि लहान-मध्यम कंपन्यांना एप्रिल 2022 पासून लागू आहे. त्यात सहा प्रकार येतात: मारहाण, अपमान, माणसाला वाळीत टाकणं, अशक्य काम देणं, मुद्दाम क्षुल्लक काम देणं, आणि खाजगी आयुष्यात डोकावणं. आपल्याकडे आपुलकीने विचारलेलं ‘लग्न कधी करताय?’ तिथे शेवटच्या प्रकारात जाऊ शकतं. विचारू नका.

काम जमत नाही म्हणून महिन्याची नोटीस देऊन माणसाला काढता येत नाही. श्रम करार कायद्याच्या कलम 16 नुसार वस्तुनिष्ठ, समाजमान्य कारण नसलेली बडतर्फी रद्दबातल ठरते. प्रशिक्षण, लेखी सूचना, बदलीचा प्रयत्न, या सगळ्याची नोंद लागते. भारतातल्या मुख्यालयाने घाई केली तरी आधी एचआर आणि स्थानिक कामगार-कायदा सल्लागाराला गाठा.

बदलीचा मोसम

जपानचं आर्थिक वर्षही एप्रिलला सुरू होतं आणि अंतर्गत बदल्या बहुधा तेव्हाच निघतात. ज्याच्याशी वर्षभर नेमावाशी केलीत तो काचो मार्चमध्ये काही आठवड्यांच्या सूचनेवर दुसऱ्या विभागात जाऊ शकतो. म्हणून अर्धवट प्रस्ताव फेब्रुवारीअखेरपर्यंत मंजुरीला लावा, नाहीतर नव्या माणसापासून सुरुवात करावी लागते. टीममधलं कोणी जात असेल तर हिकित्सुगीला, म्हणजे काम सोपवायला, किमान आठवडा राखून ठेवा: चालू कामांची यादी, पासवर्ड आणि परवानग्या, ग्राहकाच्या सवयी, आणि ज्या तोंडी कबुल्या दिल्या आहेत त्या. त्या आठवड्यात जुन्या आणि नव्या माणसाला बरोबर घेऊन प्रत्येक महत्त्वाच्या ग्राहकाकडे ओळखीसाठी जा. नुसता ईमेल पुरत नाही.