अलिबागला जाताय? आधी तिथी बघा

अलिबागचा किनारा पहिल्यांदा पाहून बरेच जण हिरमुसतात. वाळू काळपट, पाणी गढूळ, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नाही. निळ्या पाण्याच्या अपेक्षेने जाऊच नका. इथे जायचं ते समोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यासाठी, आणि तेही ओहोटीला, पायी.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे पहाटे ३ ला भरती, सकाळी ९ च्या सुमारास पूर्ण ओहोटी. द्वितीया ते चतुर्थी मला सगळ्यात सोयीची वाटते, कारण ऊन चढायच्या आत जाऊन येता येतं. अष्टमीच्या आसपास मात्र पाणी फारसं हटत नाही. हा अंदाज झाला, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांनाही विचारा.

ओहोटीच्या तासभर आधी निघा. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, खडकांवर शेवाळ असतं. आत १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. चहूकडे खारं पाणी असताना आतल्या विहिरीला गोडं पाणी आहे, ते आवर्जून बघा. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. त्यांच्यापाशी थोडं थांबा, पण पाणी चढू लागलं की लगेच परत फिरा. पावसाळ्यात हा बेत करूच नका.