ईव्हमध्ये नवीन आहात? या चुका टाळा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीलाच क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, निवडला की निम्मी डोकेदुखी संपते. मेज (जादूगार) घेतलात तर जड चिलखत अंगावर चढतच नाही, गेमच अडवतो. २००३ पासून चालू असलेल्या ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या जहाजांच्या गेममध्ये क्लासच नाहीत, सगळा खेळ स्किल्सचा, एक ते पाच लेव्हलपर्यंत शिकायच्या कौशल्यांचा. अडवणारं कुणी नसतं, म्हणून नवखा माणूस तोंडघशी पडतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जहाजात बसता आलं की ते चालवता आलं असं समजणं. माझा मावसभाऊ वॉरक्राफ्टमध्ये वर्षानुवर्षं वॉरियर (योद्धा) खेळून इकडे आला. दुसऱ्याच आठवड्यात पैसे टाकून स्किल इंजेक्टर (वापरले की लगेच स्किल पॉइंट देणारी वस्तू) घेतले आणि थेट मेगाथ्रॉन हे मोठं जहाज.

"दादा, बॅटलशिप आली!"

"ड्रोन्सचं स्किल किती?"

"एक. पण तोफा बघ ना केवढ्या आहेत!"

ड्रोन म्हणजे जहाजातून सोडायची छोटी लढाऊ यंत्रं, लहान जहाजांवर तीच कामी येतात. एक लेव्हल म्हणजे एकच ड्रोन बाहेर पडणार. त्याच रात्री लो-सेकमध्ये (कमी सुरक्षेच्या भागात) एका फ्रिगेटने, म्हणजे छोट्याशा जहाजाने, त्याला धरलं. पळू न देणारा स्क्रॅम लागला, वार्प (लांब उडी मारून निसटणं) बंद. ती चिमुरडी अगदी अंगाला चिकटून गरागरा फिरत होती आणि त्या अवाढव्य तोफा तिच्याकडे वळेपर्यंत ती पुढे निघून जायची. कॉलवर हा नुसता "लागतच नाहीये दादा, लागतच नाहीये." तिचे दोन साथीदार आले आणि खेळ खलास. इन्शुरन्स काढला नव्हता. काढला असता तरी जहाजाचेच पैसे मिळतात, वर बसवलेल्या सामानाचे नाहीत.

इंजेक्टरचा मोह मला कळतो. ५० लाखांपेक्षा कमी स्किल पॉइंट असतील तर एका मोठ्या इंजेक्टरमधून ५ लाख मिळतात, ८ कोटींच्या वर गेलात की फक्त दीड लाख. म्हणजे सगळ्यात जास्त लाभ नेमका त्याला, ज्याला ते कुठे घालायचे ते कळत नाही!

माझी सवय अशी: आधी कपॅसिटर (जहाजाची वीज), आर्मर (चिलखत), नेमबाजी अशी जोडीची स्किल्स चौथ्या लेव्हलवर, मग जहाज. चारच का? साध्यातल्या साध्या स्किललाही चारपर्यंत ४५,२५५ पॉइंट लागतात, पाचपर्यंत २,५६,०००. ड्रोन्स मात्र पाचच करा, तिथे कंजुषी नको.

सगळंच थोडंथोडं शिकू नका. अल्टिमा ऑनलाइन या जुन्या गेममध्ये (१९९७) मुळात एकूण ७०० गुणांची मर्यादा होती आणि एका स्किलला १००. तिथेही स्वयंपाक, मासेमारी, तलवार असं सगळं चाळीस-चाळीसवर आणून ठेवणारे महाभाग होते. ईव्हमध्ये पैसे भरून खेळणाऱ्याला तशी एकूण मर्यादा नाही, पण तुमचे महिने जातात.

यूट्यूबवरची फिटिंग (जहाजावर काय सामान बसवायचं ती यादी) जशीच्या तशी उचलू नका. त्या माणसाची स्किल्स तुमच्याकडे नाहीत.

आणि ट्रेनिंगची रांग, म्हणजे पुढे शिकायच्या स्किल्सची यादी, रिकामी ठेवू नका. तुम्ही झोपलात तरी ते चालू राहतं. मी दात घासायच्या आधी रांग बघतो.